व्हॅलेन्सियात दुपारचं जेवण दोनला, रात्रीचं दहाला आणि मधे दुकानं बंद. भारतीय पोटाने जुळवून कसं घ्यायचं?

जूनमध्ये जाताय, तर तिथे घड्याळाकडे कमी आणि उन्हाकडे जास्त बघा. स्पेनने १९४० साली घड्याळं एक तास पुढे केली, ती कायमचीच. व्हॅलेन्सिया ग्रीनिचच्या रेखावृत्ताला जवळजवळ लागून आहे, पण वेळ चालते बर्लिनची. त्यात उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळे जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो दुपारी दोनला आणि मावळतो साडेनऊच्या सुमारास. म्हणजे दोनला जेवणारा माणूस उन्हाच्या हिशेबाने बारालाच जेवतोय. तुमचं पोट इतकं काही चुकत नाहीये.

खरी पंचाईत सकाळची. आठचा नाश्ता दोनपर्यंत पुरत नाही. त्यावर तिथल्या लोकांचा उपाय म्हणजे 'एस्मोरसारेत', सकाळचं मधल्या वेळचं खाणं. साडेनऊ-दहापासून बार भरतात. टेबलावर शेंगदाणे आणि ऑलिव्ह येतात, मग हातभर पावात भरलेलं काहीतरी. अंडं चालत असेल तर बटाट्याचं आम्लेट भरलेला पाव मागा. शेवटी 'क्रेमाएत', म्हणजे रम जाळून केलेली कॉफी. कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला रम! ऑफिसला परत जायचं असेल तर साधी कॉफी घ्या. ही सवय लावून घेतलीत की निम्मं काम झालं.

छोटी दुकानं साधारण दोन ते पाच बंद असतात. (पुणेकर असाल तर यावर बोलायचा अधिकार आपल्याला नाही.) सुपरमार्केट दिवसभर उघडी असतात, रविवारी मात्र बहुतेक बंद. मेरकादो सेंत्राल या मुख्य मंडईतली भाजी दुपारी तीनच्या आत घ्या. तीही रविवारी बंद.

साडेपाच-सहाला ओर्चाता प्या. चुफा नावाच्या कंदाचं गार, गोड पेय, दूध अजिबात नाही. मग ऊन उतरलं की तुरियाच्या बागेत फिरायला जा. १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवली, जुन्या पात्रात ही बाग झाली. रात्री दहालाही तिथे पोरं खेळताना दिसतील.

रात्री साडेआठच्या आधी बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर सुरूच होत नाही. आणि रात्री पाएया, म्हणजे तिथला प्रसिद्ध भात, मागू नका, ते तिथे दुपारचं जेवण. संध्याकाळी सातला दारात फोटो लावून पाएया विकणारं हॉटेल पर्यटकांसाठीच असतं. शाकाहारी असाल तर दुपारी भाज्यांची पाएया आहे का ते विचारून घ्या, कारण मूळ प्रकारात कोंबडी आणि ससा असतो.