लिंबाच्या पानांवरच्या नागमोडी रेषा: फवारणी करू की परजीवी माश्यांवर भरवसा ठेवू?

दोन फवारण्या करूनही कोवळ्या पानांवर चंदेरी रेषा येतच आहेत, म्हणून तुम्ही परजीवी माश्यांबद्दल विचारलंय. झाड मोठं आणि सशक्त असेल तर त्यांच्यावर जरूर भरवसा ठेवा. पण आधी फवारणी थांबवा.

या रेषा म्हणजे पानं पोखरणाऱ्या नागअळीचं काम. ती पानाच्या पातळ पापुद्र्याखाली राहते, त्यामुळे वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. तिला शोधत पानावर उघड्यावर फिरणारी परजीवी माशी मात्र सहज मरते. ही माशी गांधीलमाशीच्या कुळातली, पण जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, माणसाला न चावणारी. ती पापुद्र्यातून नळी खुपसून अळीला लुळी करते आणि तिथेच अंडं घालते. पिल्लू त्या अळीवरच वाढतं. काही अळ्यांचा तर मादी नुसता रस पिऊन फडशा पाडते.

भिंग घेऊन एखादी रेषा उजेडात धरून बघा. आत वाळलेली, काळपट अळी किंवा शेजारी छोटा कोष दिसला, तर माश्या कामाला लागलेल्या आहेत. नवती (नवी कोवळी पालवी) फुटली की आधी अळी येते, माश्या तिच्यामागून. मधले काही दिवस पानं वाईट दिसतात आणि नेमका तेव्हाच माणूस पंप उचलतो!

१९९३ मध्ये ही अळी फ्लोरिडात आणि स्पेनमध्ये नव्याने पोहोचली, तेव्हा तिथल्या स्थानिक माश्या लवकरच तिच्याकडे वळल्या. इतर झाडाझुडपांची पानं पोखरणाऱ्या अळ्यांवर त्या आधीपासून जगतच होत्या. म्हणून बांधावरचं सगळं तण काढून टाकू नका. बडीशेप, कोथिंबीर फुलू द्या, पूर्ण वाढ झालेल्या माश्यांना मकरंद लागतो.

(पानं चिकट झाली असतील आणि मुंग्यांची रांग असेल, तर सायला ही रस शोषणारी छोटी कीडही आहे का ते तपासा. तिच्यावरची परजीवी माशी वेगळी, टॅमारिक्सिया रेडिएटा. मुंग्या सायलाची राखण करतात, त्यामुळे आधी खोडावरून त्यांची वाट बंद करा.)

रोपवाटिका, अगदी लहान कलमं किंवा कँकर (पानाफळांवर खरबरीत डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) असलेली बाग यांना मात्र माश्यांवर सोडू नका. पोखरलेल्या जागेतून कँकरचे जिवाणू सहज आत शिरतात, तिथे नवती जपावीच लागते. मोठ्या झाडाची पोखरलेली पानं तोडू नका. ती अजून झाडासाठी अन्न तयार करतात आणि माश्यांची पुढची पिढी त्यांच्यातच असते.