उरलेल्या लोकरीची टोपी

उरलेल्या लोकरीतून स्वतःचं डिझाइन करून विणायचं म्हणतेस, तर पहिल्याच डिझाइनला हातमोजे नकोत गं. कानपट्टी किंवा टोपी घे. उरलेले गुंडे आधी जाडीप्रमाणे वेगळे कर, रंगांचं नंतर बघू. बारीक लोकर दुहेरी धरली की जाड लोकरीच्या जवळ जाते. मग १० सेंमीचा चौकोन विणून टाके मोज, म्हणजे टोपीला किती टाके लागतील ते कळेल. कंटाळवाणं काम! मीही टाळायचे, आणि माझ्या दोन टोप्या थेट भाचीच्या टेडीला गेल्या. टोपीचा घेर डोक्यापेक्षा ३-४ सेंमी कमीच ठेव, ती ताणते. गुंडा पुरेल का, हे स्वयंपाकघरातला वजनकाटा सांगतो: चार ओळी विणण्याआधी आणि नंतर गुंडा तोलून बघ. अस्सल लोकरीत अ‍ॅक्रिलिक मिसळलंस तर गरम पाण्यात धुऊ नकोस, त्यातली फक्त लोकर आटते, अ‍ॅक्रिलिक नाही.