सगळ्यांचं करते, तरी एवढी चिडचिड का होते?

"मॅडम, घरातल्या सगळ्यांचं मी करते, पण आतून इतकी चिडते ना, की मीच वाईट बाई आहे असं वाटतं." हे वाक्य थोड्याफार फरकाने माझ्याकडे सारखं येतं. त्यातल्याच एकीचं सांगते, तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

डिचोलीकडची ताई. सासूबाईंना स्ट्रोक आलेला, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ॲडमिट होत्या, मग घरी आणलं, उजवा हात-पाय अधू झालेला. नवरा शिफ्ट ड्युटीला, मुलगा बारावीला, त्यामुळे आंघोळ, गोळ्या, जेवण सगळं हिच्यावर. पेजसुद्धा ही चमच्याने भरवायची, कारण त्यांनी स्वतः खाल्ली की सांडते, वेळ जातो, परत पुसायचं कोणी! आणि त्या तोंड फिरवायच्या, की हिचा पारा चढायचा आणि मग रात्रभर रडणं.

पहिलं मी तिला हे सांगितलं की चिडचिड झाली म्हणजे माया आटली असं नसतं गं, झोप नाही, मदत नाही, तर कोणीही चिडेल. मग विचारलं, सासूबाईंना काय हवंय ते त्यांना कधी विचारलंस? ती गप्पच झाली.

पुढच्या वेळी त्यांना घेऊनच आली. बोलणं थोडं अडखळत होतं पण समजत होतं. म्हणाल्या, "म्हाका कोण विचारता? लहान पोरासारखं भरवतात." त्यांना हाताने जेवायचं होतं, चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या माटोळीचं सामान निवडायचं होतं, बस्स एवढंच. आणि हे नुसतं मनाच्या समाधानासाठी नाही हां, स्ट्रोकनंतर अधू हात पुन्हा पुन्हा वापरला तरच मेंदू ती हालचाल नव्याने शिकतो, सगळं आपणच करून दिलं तर हात आणखी मागे पडतो. फिजिओथेरपिस्टला विचारून, गिळायला त्रास नाही ना ते बघून, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, ताटाखाली ओलं फडकं ठेवलं म्हणजे ताट सरकत नाही. पेज सांडते अजून, वेळही जास्त लागतो, पण तेवढ्यात ताई शेजारी बसून स्वतःचा चहा गरम असताना पिते.

दुसरी गोष्ट ताईच्या म्हापशाच्या नणंदेची. ती फोनवर दरवेळी म्हणायची काही लागलं तर सांग, आणि ही दरवेळी म्हणायची काही नको, तुला कशाला त्रास! मला हे अजिबात पटत नाही, मुलीलाही आईचं करावंसं वाटत असेल, तिची संधी आपण का अडवायची? पण "मदत कर" असं मोघम सांगून काही होत नाही, नेमकं काम सांगावं लागतं. मग ताईने तिला सांगितलं, रविवारी दुपारी 3 ते 6 तू आईपाशी बस, मी झोपणार. नणंद लगेच हो म्हणाली, कधी रविवार चुकतो तेव्हा आता ताई स्वतः फोन करून दुसरा वार मागते.

चिडचिड संपली का? नाही, कमी झाली. तुमच्याकडे मात्र झोप उडालीय, रडू थांबत नाही, जगणं नको वाटतंय असं असेल तर नुसता थकवा म्हणून सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि 24 तास चालू असतो, आजच लावा.