गाडीच्या टचस्क्रीनवर ब्लूटूथने कॉल येतात, पण गाणी वाजत नाहीत. काय करावं?

कॉल येतोय म्हणजे फोन गाडीशी जोडला गेलाय, अडलंय ते फक्त गाण्यांचं. ब्लूटूथमध्ये बोलणं आणि संगीत वेगवेगळ्या वाटांनी जातं. कॉलची वाट एचएफपी, गाण्यांची ए२डीपी. पहिली चालू आणि दुसरी बंद, असं सहज होतं.

अँड्रॉइड फोन असेल तर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढची सेटिंग उघडा. तिथे ‘मीडिया ऑडिओ’ बंद दिसला तर चालू करा. मग गाडीच्या स्क्रीनवर सोर्स बघा. तो रेडिओ किंवा यूएसबीवर असेल तर फोनवर गाणं सुरू असूनही स्पीकर गप्प राहतील, ब्लूटूथ ऑडिओ निवडावा लागतो. फोनवर गाणं लावून मीडियाचा आवाजही वाढवा, तो कॉलच्या आवाजापेक्षा वेगळा असतो.

तरीही नाहीच वाजलं, तर फोन आणि गाडी दोन्हींतून जुनी जोडणी काढून नव्याने पेअर करा. फक्त फोनमधून काढलं तर गाडीत जुनी नोंद तशीच राहते आणि तीच पुन्हा त्रास देते. पेअर करताना घरच्या दुसऱ्या कुणाच्या फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर गाडी आधी तोच पकडू शकते.

वायरलेस अँड्रॉइड ऑटो (फोनमधली अ‍ॅप्स वायरशिवाय गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) वापरत असाल तर तिथे ब्लूटूथ सुरुवातीची ओळख करून देतं, पण गाणी वायफायवरून येतात. म्हणून फोनचं वायफायही चालू हवं.

आणि कृपया, हे सगळं गाडी बाजूला उभी करूनच करा.