बाईंना विचारा : सावली अजून आखडतेय

फेब्रुवारी लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. गॅदरिंगची भांडणे मागे पडतात आणि परीक्षा, शिष्यवृत्त्या, सत्कार सुरू होतात. एकतीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले, त्यामुळे काही प्रश्नांची उत्तरे आधी चुकून मग शिकले आहे. या वेळी चार पत्रे घेते. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात माझीच एक फजिती आहे.

बाई, कराड तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी आठवी-नववीला गणित आणि विज्ञान शिकवतो. नोकरीचे दुसरे वर्ष. स्नेहसंमेलन झाले की उपक्रम संपले, असा आमच्याकडे रिवाज आहे. आता बोर्डाची केंद्रे, निम्मे शिक्षक पर्यवेक्षणाला, दोन-दोन तुकड्या एका वर्गात. मुख्याध्यापक म्हणतात, "आता नवीन काही काढू नका, पोरं गप्प बसली की पुरे." खर्च नाही, आवाज नाही, असे काही सुचवाल का? — एक उपशिक्षक

सर, तुमच्या मुख्याध्यापकांवर मी रागावणार नाही. केंद्र सांभाळणे म्हणजे काय ते मी पाहिले आहे. पण ज्याला खर्च नाही आणि आवाजही नाही, असा एक उपक्रम मार्चमध्ये आकाशच करून देते. २० मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून भर माध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली तुम्हाला तुमच्या गावाचे अक्षांश सांगते.

साहित्य : एक मीटरची सरळ काठी, गवंड्याकडून तासाभरासाठी मागून आणलेला ओळंबा, खडू, मोजपट्टी. काठी ओळंब्याने उभी करा, सपाट जागी. माध्यान्हीची सावली मोजा. कराडला ती ३१ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. नववीची मुले त्रिकोणमितीने कोन काढतील. आठवीच्यांना वहीत १० सेंटिमीटरची उभी रेघ आणि तिच्या पायथ्याशी ३.१ सेंटिमीटरची आडवी रेघ काढू दे, दोन्ही टोके जोडू दे, आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजू दे. सतरा अंशांच्या थोडे पुढे येईल. मग नकाशा उघडायचा. स्वतःचे गाव स्वतः मोजून नकाशावर सापडले की मुले जो आवाज करतात, तो केंद्रापासून लांब झालेला बरा. पेपर चालू असतील तर शाळेच्या आवाराचा नाद सोडा. देवळापुढचे पटांगण चालेल, कुणाच्याही घराची गच्ची चालेल.

आता फजिती. १९९६ साली साताऱ्यात मी हा प्रयोग पहिल्यांदा केला. माध्यान्ह म्हणजे दुपारचे बारा, यात विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. बाराच्या ठोक्याला नववीच्या चाळीस पोरांसमोर सावली मोजली, ३७ सेंटिमीटर. कोन काढला, वीस अंशांहून जास्त. नकाशात पाहिले तर सातारा नाशिकच्याही वर गेलेला! पोरे खूश. मी घामाघूम. "मोजताना चूक झाली असेल" असे म्हणून सगळ्यांना वर्गात पिटाळले आणि गृहपाठ न केलेल्या एका मुलाला काठी उचलून आणायला पाठवले.

तो आलाच नाही. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. मी चिडून बाहेर आले, तर हा गुडघ्यावर बसून सावलीच्या टोकाशी खडूने ठिपके देतोय. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "बाई, सावली अजून आखडतेय."

मग आम्ही दोघे तिथेच उन्हात बसलो. दर पाच मिनिटांनी एक ठिपका. बारा चाळीसच्या सुमारास ठिपके पुढे सरकायचे थांबले आणि एकच्या पुढे सावली पुन्हा लांबायला लागली. सगळ्यात आखूड सावली भरली ३२ सेंटिमीटर. सातारा परत साताऱ्यात आला.

कारण अगदी साधे, पण मला शिकवताना कधी जाणवले नव्हते. आपली सगळ्यांची घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरकडची. सातारा-कराड त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपल्याकडे सूर्य ३४ मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आणि आस कललेला, म्हणून मार्चच्या त्या दिवसांत आणखी साताठ मिनिटे वाढतात. तेव्हा कराडची माध्यान्ह बारा एकेचाळीसला. नागपूरच्या वाचकांनी हेच केले तर त्यांना बारा वाजून वीस-एकवीस मिनिटांनी मिळेल. पण तुम्ही मुलांना हे आधी सांगू नका. त्यांना बाराला मोजू द्या, सातारा जिल्हा नाशिकच्या वर जाऊ द्या.

दोन अडचणी येतील. मार्चमध्ये तुमची शाळा सकाळची झाली असेल, तर साडेअकराला मुले घरी. त्या दिवशी डबा आणायला सांगा आणि पालकांची चिठ्ठी घ्या. दुसरी : सावलीचे टोक पुसट पडते, साधारण सेंटिमीटरभर. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून. पुसट पट्ट्याचा मध्य धरा, आणि धरताना मुलांना भांडू द्या. ढग आले तर दुसऱ्या दिवशी करा, एका दिवसाने ०.४ अंशाचाच फरक पडतो. मे महिन्यात ८-९ तारखेच्या सुमारास कराडला सावली पूर्ण गायबच होते, पण तेव्हा सुट्टी लागलेली असते. ज्याला गोडी लागली तो घरी पाहील.

आणखी एक, एका ओळीत सांगते : प्रत्येक मुलाने शाळेच्या वाटेवरचे एक झाड निवडायचे आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुले, फळे यांची नोंद करायची, 'नाही', 'थोडी' की 'भरपूर'. सीझनवॉच नावाच्या देशव्यापी उपक्रमात अशा नोंदी घेतात, हवे तर तिकडे पाठवा. नाहीतर वहीत राहू द्या. पांगारा निवडणाऱ्यांची चंगळ, वडवाले मात्र कंटाळतात.

मुलगी आठवीत आहे. एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेच्या निवड यादीत तिचे नाव आले. शाळेने सत्कार केला, चौकात बॅनर लागला. पैसे कसे मिळणार विचारले तर "येतील" म्हणतात. मिस्टर म्हणतात, एवढी हुशार आहे तर नववीपासून तिला शहरातल्या मोठ्या इंग्रजी शाळेत घालू. — एक आई, सांगोला

ताई, आधी मुलीला माझ्याकडून शाबासकी. आता मिस्टरांना पुढचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

ही शिष्यवृत्ती महिन्याला १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये अशी आहे. नववी ते बारावी चार वर्षे, एकूण ४८,००० रुपये. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्यांनाच मिळते. ती 'मोठी इंग्रजी शाळा' विनाअनुदानित असेल, तर मुलगी तिथे गेली की शिष्यवृत्ती गेली. शाळा बदलायची तर बदला, तो तुमचा निर्णय. पण अनुदानित आहे का, हे फी विचारण्याआधी विचारा.

यादीत नाव आले म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. तो आधी शाळा तपासते, मग जिल्हा. दोन्हीकडून मंजूर झाला तरच पुढे जातो. आणि दहावी, अकरावी, बारावीत दर वर्षी नूतनीकरण. बरीच मुले इथेच गळतात, कारण पहिल्या वर्षी पैसे आले की सगळ्यांना वाटते काम झाले.

मुलीच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडून घ्या, आणि आधार, शाळेचा दाखला, पासबुक तिन्हीवरचे नाव अक्षर न् अक्षर एक आहे का ते आजच पाहा. वडिलांचे नाव मध्ये आहे की शेवटी, 'ई' ला इंग्रजीत एक अक्षर की दोन, असल्या फालतू गोष्टींवर माझ्या वर्गातल्या मुलांचे अर्ज अडकलेले आहेत. दहावीला ६० टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट) आणि वरच्या वर्गात पहिल्याच फटक्यात जायला हवे. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे, तो दाखला तुम्ही परीक्षेच्या वेळी काढलाच असेल. त्याची प्रत टाकून देऊ नका.

शेजारच्या कुणाला मिळाले, कुणाला नाही, याच्या गप्पा चौकात होतील. तुम्ही मात्र जूनमध्ये शाळेच्या कार्यालयात जाऊन क्लार्क साहेबांना विचारा : "आमचा अर्ज कुणी भरायचा आणि कधी?"

बाई, मी आठवीत आहे. विज्ञान दिनाला आमच्याकडे दर वर्षी हळदीवर साबण टाकून लाल करतात. मला दुसरे काहीतरी करायचे आहे आणि रंगपंचमीलाही वापरायचे आहे. — तुमची वाचक, वाई

मग पळस. या दिवसांत माळावर केशरी पेटलेला दिसेल तो. झाडावरची फुले तोडू नकोस, त्यांतला मध प्यायला साळुंक्या आणि शिंजीर येतात. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो, तो पुरतो. फुले रात्रभर पाण्यात भिजव, सकाळी उकळ, गाळ. पिवळसर केशरी पाणी मिळेल. ते चार पेल्यांत ओत. एकात लिंबू पिळ, एकात चिमूटभर खायचा सोडा, एकात चुन्याची निवळी घाल, एक तसाच ठेव. काय होते ते मी सांगणार नाही. चुन्याचा पेला फक्त पाहण्यासाठी, अंगावर उडवायचा नाही.

२८ फेब्रुवारी १९२८ ला रामन यांनी प्रकाशाच्या विखुरण्यावरचा आपला शोध लावला, म्हणून तो विज्ञान दिन. आणि त्याच्या आदल्या दिवशी कुसुमाग्रजांचा वाढदिवस, मराठी भाषा गौरव दिन. दोन्ही दिवशी भाषणे ऐकून तुम्ही मुले पेंगता. तू एक कर : सत्तावीसला आपल्या प्रयोगाची कृती साध्या मराठीत एका पानावर लिही, 'द्रावण' न म्हणता 'पाणी' म्हण, आणि अठ्ठावीसला तेच पान पेल्यांशेजारी ठेव.

शाळेचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. एप्रिलमध्ये बक्षीस समारंभ. 'विद्यार्थ्यांचे यश' यात किती जण शिष्यवृत्तीत, किती जणांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला अ श्रेणी, कबड्डीचा संघ कुठवर, असे पाच पानांचे आकडे आहेत. वाचताना पाहुणेसुद्धा मोबाइल काढतात. काय करू? — एक शिक्षिका, जळगाव जिल्हा

आकडे गाळू नका. ज्या मुलाला अ श्रेणी मिळाली, त्याचे आजोबा खुर्चीवर ताठ बसून ते एक नाव ऐकायला आलेले असतात. सगळी नावे छापा, त्याची प्रत दारात वाटा, आणि माईकवरून फक्त सहा-सात गोष्टी वाचा. पण त्या पूर्ण वाचा : कुणी, काय, कधी केले आणि ते करताना काय अडले. कबड्डीचा संघ उपांत्य फेरीत हरला असेल तर किती गुणांनी हरला तेही सांगा, मागच्या रांगेतली पोरे मान वर करतील.

'राबविण्यात आले', 'संपन्न झाले', 'उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' हे तीन शब्दप्रयोग मिळाले तिथे खोडा. मी तुम्हाला हे सांगते आहे, पण माझी स्वतःची वही अजून आहे. १९९६ च्या अहवालात विज्ञान विभागाखाली माझ्या अक्षरात एकच ओळ आहे : 'विज्ञान मंडळातर्फे वर्षभर विविध उपक्रम राबविण्यात आले.' खडूचे ठिपके देणारा तो मुलगा समारंभाला तिसऱ्या रांगेत बसला होता. त्या वर्षी त्याचे नाव मी ना फळ्यावर लिहिले, ना माईकवरून घेतले. सातारा नाशिकला नेल्याची गोष्ट मला पाहुण्यांपुढे सांगायची नव्हती, हे खरे कारण.

आज लिहायचे झाले तर असे लिहीन : "२० मार्चला नववीच्या वर्गाने सावलीवरून साताऱ्याचे अक्षांश मोजले. बाईंनी बाराला मोजले, ते चुकले. अमुक याने उन्हात बसून सावली आखडत असल्याचे पाहिले आणि बारा चाळीसला बरोबर उत्तर काढले. त्याचा गृहपाठ अजून यायचा आहे."

घड्याळ लावून वाचून पाहिले. वीस सेकंदही लागत नाहीत.