हप्ता एकदाही चुकवला नाही, तरी सिबिल ६९० कसा?

तुमचा प्रश्न असा: म्हापशात फ्लॅट बघितलाय, ३० लाखांचं कर्ज हवंय, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही, पगारही बरा. तरी सिबिल, म्हणजे कर्ज घेण्या-फेडण्याच्या वागणुकीवरून निघणारा स्कोअर, ६९० आणि बँक व्याज पाऊण टक्का जास्त सांगते. असं का, आणि पाऊण टक्क्याने एवढं काय बिघडतं?

आधी पाऊण टक्क्याचं बघू. ३० लाख, २० वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता बसतो २६,०३५ रुपये, सव्वानऊने २७,४७६. महिन्याला चौदाशे म्हणजे काही नाही असं वाटतं, पण २४० हप्त्यांचा हिशेब केला की साडेतीन लाखांच्या आसपास जातो. घर तेच, भिंती त्याच.

आता पगार. स्कोअर काढताना तुमचा पगार कुणी बघतच नाही. एफडी नाही, सोनं नाही, वडिलोपार्जित भाट, म्हणजे बागायत, तर नाहीच. ते सगळं बँक नंतर वेगळं तपासते. ३०० ते ९०० मधला हा आकडा फक्त उधारीच्या वागणुकीवर निघतो.

तुम्ही लिहिलंय की क्रेडिट कार्डाची मर्यादा ६० हजार आहे, महिन्याला ५० हजारांच्या वर वापरता आणि बिल वेळेवर पूर्ण भरता. माझ्या मते एक पाय इथे अडकलाय. तुम्ही भरता ते बिल आल्यावर, पण सिबिलकडे बहुतेक वेळा बिलाच्या तारखेची बाकी जाते. म्हणजे तिथे तुम्ही दर महिन्याला गळ्यापर्यंत बुडालेले दिसता. बिल निघायच्या चार दिवस आधीच बरीचशी रक्कम भरून टाका. बाकी मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहिली तर बरं. शिवाय एजंटाने तुमचे कागद एकाच आठवड्यात चार बँकांत फिरवलेत. त्या प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि त्यानेही स्कोअर थोडा घसरू शकतो. आपला स्कोअर आपण स्वतः कितीही वेळा बघितला तरी तो घटत नाही, ती भीती सोडा.

पण खरी तपासायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी अंगावर काढलीय. माझ्या चुलतभावाने डिचोलीत खाणीवर लावायला ट्रक घेतला, मी जामीन राहिलो. सही केली आणि विसरलो. २०१२ साली ऐन चवथीच्या तोंडावर खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभा राहिला, पुढच्या पावसात त्याच्या आरशावर घोसाळ्याचा वेल चढला. हप्ते थांबले. पुढे बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली, भाऊ सुटला. मीही सुटलो असं समजत होतो.

२०१७ मध्ये मी फोंड्यात घरासाठी अर्ज केला. अधिकाऱ्याने मॉनिटर माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "हा ट्रक तुमचा?" रिपोर्टात प्रत्येक महिन्याची एक चौकट असते, हप्ता किती दिवस रखडला ते तीत लिहिलेलं. माझ्या गाडीच्या कर्जाला सगळीकडे ०००. खालच्या ट्रकच्या खात्यात ०३०, ०६०, ०९० असे चढत गेलेले आकडे, माझं नाव 'गॅरंटर' म्हणून आणि शेवटी शेरा 'सेटल्ड'. हा शेरा वाचताना गोड वाटतो, पण त्याचा अर्थ 'पूर्ण फेडलं नाही' असा. फेडलेल्या कर्जाला 'क्लोज्ड' लिहितात. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, तेव्हा तक्रार करायला तोंड नव्हतं. भावाने आणि मी मिळून सोडलेली रक्कम भरली, काही बाकी नसल्याचं 'नो ड्यूज' पत्र घेतलं, तेव्हा कुठे शेरा बदलला. कर्ज मिळालं, पण दर वरचाच. भावाशी बोलणं दोन वर्षं जेमतेम होतं, ते असो.

म्हणून पूर्ण रिपोर्ट मागवा, नुसता आकडा नको. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या असे स्कोअर काढणाऱ्या चार कंपन्या, चौघींकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कुणाला जामीन राहिलात का, कुणाचे सहकर्जदार आहात का, न घेतलेलं खातं दिसतं का, ते बघा. चूक असेल तर त्यांच्याच साइटवर तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

बिल्डरला इसारा, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला नसेल तर दोन-तीन महिने थांबा. २०२५ पासून बँका निदान दर १५ दिवसांनी माहिती कळवतात, त्यामुळे कार्डाची बाकी घटल्याचा परिणाम लवकर दिसतो. बऱ्याच बँकांचा खालचा दर ७५० स्कोअरच्या पुढे सुरू होतो, पायऱ्या मात्र बँकेगणिक वेगळ्या. इसारा देऊन बसला असाल तर चढ्या दरानेच घ्या, पण फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाचं, घ्या. ते मुदतीआधी फेडायला किंवा दुसऱ्या बँकेत न्यायला दंड लागत नाही. मीही २०२० मध्ये कर्ज असंच दुसऱ्या बँकेत नेलं, प्रोसेसिंग फी तेवढी गेली.