वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी उघडल्यावर सापडलेलं

जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे : गाडी उघडली आणि ध्यानीमनी नव्हतं ते सापडलं, आता काय करू? निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

वडिलांची ‘महिंद्रा’ जीप सोडवायला घेतली आहे. रंग काढला तेव्हा काही बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर दिसलं. मेकॅनिक म्हणतो, लोकल बोल्ट आहेत, फेकून द्या. फेकू का? – एक वाचक, कामठी

एकही फेकू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलीजच्या जीपचं नाव ‘एमबी’, तर त्याच नकाशावर फोर्डने बनवलेल्या जीपचं ‘जीपीडब्ल्यू’. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टवरसुद्धा, ‘एफ’ ठोकला. महिंद्राने १९४७ साली विलीजच्याच जीप इथे जोडायला सुरुवात केली. त्यामुळे पुढे लष्कराच्या लिलावातल्या जीपचे भाग महिंद्राला आणि महिंद्राचे त्यांना सर्रास बसवले गेले. चार बोल्ट सापडले म्हणून जीप फोर्डची ठरत नाही. निकाल चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर लागतो.

रेडिएटरच्या खालचा पुढचा आडवा मेंबर (चासीच्या दोन पट्ट्या जोडणारा दांडा) बघा. युद्धकाळातल्या विलीजमध्ये तो गोल पाइपचा असतो, फोर्डमध्ये उलट्या ‘यू’च्या आकाराचा. त्यानंतर नंबर शोधा. फोर्डचा नंबर डाव्या चासीपट्टीच्या वरच्या अंगावर, इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगजवळ थेट ठोकलेला असतो आणि ‘जीपीडब्ल्यू’ने सुरू होतो. विलीजची पाटी त्याच पट्टीच्या आतल्या बाजूला, बंपरच्या मागे रिव्हेटने बसवलेली असते. या जागेला ग्राइंडर अजिबात लावू नका, ठोकलेले आकडे अर्ध्या मिनिटात उडतात. पेंट रिमूव्हर लावून पंधरा मिनिटं थांबा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा.

मागचा हबही बघून ठेवा. युद्धकाळातल्या जीपमध्ये अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग असतो, म्हणजे हबच्या तोंडावर सहा बोल्टची थाळी दिसते. उंच बोनेटच्या ‘सीजे-३बी’ या नंतरच्या नागरी जीपमध्ये मधोमध एकच मोठा नट असतो. ग्रिलच्या उभ्या खाचा युद्धकाळातल्या जीपला नऊ, नंतरच्या नागरी जीपला सात. इंजिनवर मात्र विसंबू नका. जुनं गो-डेव्हिल आणि सीजे-३बीचं हरिकेन, दोन्ही २१९९ सीसीचीच आणि अदलाबदल करून बसवलेली असतात. हरिकेनचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असल्याने त्याला वर रॉकर कव्हर असतं. इंजिन उंच झालं म्हणून बोनेटही उंच झालं. युद्धकाळातल्या सगळ्या जीप डाव्या स्टिअरिंगच्या होत्या. तुमचं स्टिअरिंग उजवीकडे असेल आणि चासी मात्र युद्धकाळातली निघाली, तर ते नंतर बदललेलं आहे.

बोल्ट परत बसवताना सांभाळा, सगळे इंची आटे आहेत. ५/१६ इंचाच्या भोकात एम-८ (८ मिमीचा मेट्रिक) बोल्ट एखाद-दोन आटे सुरळीत जातो, मग अडतो. तिथे पान्याचा जोर लावला की आटे गेलेच. दोघांचा व्यास जवळपास सारखा असला, तरी इंची फाइन आट्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) साधारण १.०६ मिमी आणि एम-८ची १.२५ मिमी असते. बॅटरी लावण्याआधी डायनामो आणि स्टार्टरवरची पट्टी वाचा, युद्धकाळातली जीप ६ व्होल्टची होती. आणि टूलबॉक्समध्ये किंवा सीटखाली काडतूस सापडलं, तर ते व्हाइसमध्ये धरू नका, तापवू नका, घरातही नेऊ नका. आहे तिथेच ठेवून ११२ला फोन करा.

अ‍ॅम्बेसेडर मार्क-२च्या मागच्या मडगार्डवर अर्धा इंच पुट्टी निघाली. छताच्या खांबाच्या जोडावर मात्र रंगाखाली करडा, मऊ धातू आहे. डेंटर म्हणतो, गॅसने वितळवून सगळं साफ करू. करू द्यावं का? – महाल

पुट्टी काढू द्या, धातूला हात लावू देऊ नका. ते शिसं-कथलाचं बॉडी सोल्डर आहे. त्या काळात पत्र्याचे जोड कारखान्यातच त्याने भरून सफाईदार करत. पुट्टी घासली की पांढरी किंवा गुलाबी भुकटी पडते. सोल्डर नखाने ओरखडतं आणि आत चांदीसारखं चमकतं. चुंबक दोन्हीवर चिकटत नाही, तेव्हा फक्त चुंबकावर निर्णय घेऊ नका.

सोल्डर घट्ट असेल, कडेला फुगवटा नसेल आणि हातोडीने हलकं टकटक केल्यावर पोकळ आवाज येत नसेल, तर तसंच ठेवा. ते पुट्टीपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. आकार द्यायचाच असेल तर हाताच्या कानशीने द्या. डिस्क किंवा कोरडा पॉलिशपेपर लावला की शिशाची धूळ हवेत उडते, आणि शिसं शरीरात साठतं. पी-१०० दर्जाचा मास्क वापरा, कीस ओल्या कापडाने टिपून घ्या, त्याच हाताने चहा पिऊ नका. लहान मुलं त्या शेडमध्ये नकोतच.

आता पुट्टीबद्दल. ती ३ मिमीच्या आतच चांगली. जाड थर पाणी शोषतो, आणि पत्रा तापल्यावर जितका पसरतो त्या मापाने पुट्टी पसरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही, पुढे मृगाची सर त्याच तापल्या पत्र्यावर पडते. तडा जातो तो तेव्हा. मग पाणी आत मुरतं आणि रंग वरून शाबूत दिसत असताना खालचा पत्रा खात जातं.

अर्धा इंच पुट्टी म्हणजे खाली खोल पोचा किंवा भोक असणारच. चाकाची कमान, दाराचा खालचा काठ, डिकीचा तळ आणि सिल (दारांखालची लांब पट्टी), चारही ठिकाणं तपासा. सिल कापावी लागली, तर आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप किंवा अँगल ठेवून वेल्डिंगचा टाका मारा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच भार घेते. आधार न देता सिल कापली की चौकट बसते आणि दार पुन्हा नीट लागत नाही. पॅच २० गेजच्या सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा घ्या, कड कडेला भिडवा आणि इंचा-इंचावर, एकदा इकडे एकदा तिकडे, टाके द्या. सलग वेल्डिंगने पत्रा लाटा घेतो. आतून-बाहेरून इपॉक्सी प्रायमर मारा आणि पाणी जायची भोकं बुजू देऊ नका. सिल सडण्याचं निम्मं कारण हीच बुजलेली भोकं असतात.

मूळ रंग कोणता, हे याच वेळी बघून घ्या. डिकीच्या झाकणाच्या आत किंवा डॅशबोर्डखाली तीन इंच जागा ४०० नंबरच्या पाणीपेपरने मधून बाहेर अशी घासा. थरांची वर्तुळं उमटतात. सगळ्यात खालच्या प्रायमरला चिकटलेला रंग कारखान्याचा. मधेच पुन्हा प्रायमरचं वर्तुळ दिसलं, तर गाडी तिथून पुढे नव्याने रंगवलेली आहे. फोटो दिवसाउजेडी घ्या, ट्यूबलाइटखाली रंगाची छटा फसवते.

अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं हेड उघडलं. तीन पिस्टनवर ‘०४०’ लिहिलं आहे, एकावर काहीच नाही. असं कसं? – धंतोली

या इंजिनाचा स्टँडर्ड बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७३.०२५ मिमी. ‘०४०’ म्हणजे ०.०४० इंचाने मोठा, म्हणजे बोअर साधारण ७४.०४ मिमी. चौथा सिलिंडर कधीतरी फाटला किंवा फार झिजला असेल, आणि त्यात स्लीव्ह (आतून बसवायची नवी नळी) ठोकून त्याला पुन्हा स्टँडर्ड मापावर आणलं असेल. ब्लॉकचं तोंड केरोसिनने पुसून बघा, स्लीव्हच्या कडेची केसासारखी बारीक गोल रेघ दिसेल. पण खूण नाही म्हणजे स्टँडर्डच असं गृहीत धरू नका. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजा.

असं इंजिन चालतं, पण पिस्टनच्या वजनातला फरक थरथरीच्या रूपाने जाणवतो. ०४०च्या पुढे जाऊन भिंत आणखी पातळ करण्यापेक्षा उरलेल्या तिन्हींना स्लीव्ह टाकून चारही स्टँडर्डवर आणा, आमचं मत हेच. हिंगणा एमआयडीसीत काम टाकणार असाल, तर आधी पिस्टन विकत घ्या आणि लेथवाल्याला हातात द्या. बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. बेअरिंगच्या पाठीवरचा आकडाही वाचा. तिथे ‘०२०’ असेल तर क्रँक आधीच तेवढा घासलेला आहे.

मॉरिस मायनरमध्ये बॅटरीची प्लस वायर बॉडीला लावलेली सापडली. कोणी चुकून उलटी लावली असेल का? – प्रतापनगर

चुकून नाही. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेल्या होत्या. तशीच चालवली तरी काही बिघडत नाही, फक्त आधुनिक रेडिओ, चार्जर, एलईडी दिवे सरळ जोडू नका, जळतील.

निगेटिव्ह अर्थ करायचीच असेल तर बॅटरी फिरवा, कॉइलच्या दोन्ही वायर अदलाबदल करा, अ‍ॅमीटरच्याही करा. डायनामोच्या ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन्ही वायर काढून बॅटरीच्या प्लसवरून एक वायर ‘एफ’ टर्मिनलला तीन-चार वेळा फक्त टेकवा, ठिणगी पडली की उचला. यामुळे डायनामो नवी दिशा धरतो. हे राहिलं तर तो उलटा चार्ज देतो आणि कटआउट (डायनामो-बॅटरीची जोडणी आपोआप तोडणारा स्विच) जळतो. स्टार्टरला काही करावं लागत नाही, तो दोन्हीकडून एकाच दिशेने फिरतो.

वायरिंगवरचं सुती आवरण वाकवल्यावर भुगा होत असेल, तर टेप मारत बसू नका, पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला. रंग तेच ठेवा : तपकिरी बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थ.

डिकीवरचा रंग घासताना हाताने रंगवलेला जुना नंबर दिसला, ‘सी. पी.’ने सुरू होणारा. गाडी तर नागपूरचीच. कागदपत्रांची अडचण येईल का? – सक्करदरा

सी. पी. ही मध्य प्रांताची खूण. १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यात येईपर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची. तेव्हा गाडी बाहेरून आली असेलच असं नाही, गाव तेच राहून राज्य बदललं असेल. नुसत्या अक्षरांवरून वर्ष ठरवू नका. जुनं आरसी बुक किंवा टॅक्सची पावती शोधा, सीटखालच्या काथ्यात आणि ग्लोव्ह बॉक्सच्या पुठ्ठ्यामागे हमखास काहीतरी अडकलेलं असतं.

२०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अर्ज फॉर्म २०वर. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला मिळतो. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची.

अडचण येते ती इंजिनामुळे. पेट्रोल गाडीत मागे कधीतरी डिझेल इंजिन बसवलं आणि आरसीवर चढवलं नाही, असं पुष्कळ होतं. ब्लॉकवरचा नंबर आरसीशी आजच ताडून बघा. जुळला नाही तर नवे आकडे ठोकण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका, तो गुन्हा आहे. आरटीओत इंजिन बदलल्याची रीतसर नोंद करून घ्या. डिकीवरच्या नंबरवर प्रायमर मारण्याआधी बाजूने टॉर्च धरून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि अर्जासोबत जोडा.